टेहळ्या आणि शोधक : दोन शब्दांची कुळकथा

23 सप्टेंबर 1803. बुलडाणा जिल्ह्याच्या पश्चिमेला, भोकरदनच्या मुलखात, केळणा नदीच्या काठी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दुर्बीण डोळ्यांना लावून उभा होता. पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा होत्या. शत्रू भोकरदनला आहे, अशी खबर हरकाऱ्यांनी आणली होती. प्रत्यक्षात छावणीचा पसारा थेट असईपर्यंत पोचला होता. नदीला जवळपास उतार नाही, असे बरोबरचे वाटाडे छातीठोकपणे सांगत होते. पण वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतक्या जवळच्या गावांत येजा नसेल, हे त्याला पटेना. त्याने माणूस पाठवून खात्री करून घेतली. उतार होता. त्या उतारावरून इंग्रजी फौज पलीकडे गेली आणि असईची लढाई झाली. इंग्रजांचे दीड हजारांवर सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले, तरी मैदान त्यांच्या हाती राहिले.

उतार आहे की नाही? एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर घेऊन परतणारा माणूस म्हणजे टेहळ्या, इंग्रजीत स्काऊट. हाच माणूस पुढे काय सापडेल याची कल्पना नसताना नदीच्या उगमाकडे निघाला असता, तर त्याला एक्सप्लोरर म्हटले असते, मराठीत शोधक. टेहळ्या निघतो तेव्हा प्रश्न ठरलेला असतो आणि उत्तराची वाट पाहणारे कुणीतरी मागे थांबलेले असते. शोधकाला पुष्कळदा प्रश्नच वाटेत सापडतो.

हा फरक आज स्पष्ट दिसत असला, तरी मुळात तो नव्हता. रोमन सैन्याच्या पुढे जाऊन वाटा, पाणी आणि शत्रूचा तळ पाहून येणाऱ्या तुकड्यांचे लॅटिन नाव होते ‘एक्सप्लोरातोरेस’. म्हणजे एक्सप्लोरर या शब्दाचा पूर्वज सैन्यातला टेहळ्याच होता. युरोपची जहाजे अनोळखी समुद्रांत शिरली, त्यानंतरच्या शतकांत हा शब्द छावणीतून बाहेर पडला आणि अज्ञात प्रदेश धुंडाळणाऱ्या प्रवाशाला लागू झाला. स्काऊटचे कूळ वेगळे. ऐकणे या अर्थाच्या ‘ऑस्कुल्तारे’ या लॅटिन क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचे काम म्हणजे कानोसा घेणे.

हे काम मराठी मुलखात नवे नव्हते. जिजाबाईंचे माहेर सिंदखेडराजा बुलडाणा जिल्ह्यातच आहे, आणि त्यांच्या पुत्राच्या राज्यात जासूद हा कारभाराचा महत्त्वाचा भाग होता. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव नाईक या जासुदाने सुरतेची पाळत आणल्याचे येते. तिथे द्रव्य किती, बंदोबस्त कसा, एवढे पाहून तो परत आला आणि जानेवारी 1664 मध्ये सुरतेवर स्वारी झाली. सुरत त्याने शोधून काढली असे कुणी म्हणणार नाही. ते शहर साऱ्या जगाला ठाऊक होते. बहिर्जीने आणली ती स्वारीला उपयोगी पडणारी नेमकी माहिती, तीही वेळेत.

शोधकाची गोष्ट पाहायची तर याच जिल्ह्यातल्या लोणारला जावे लागते.

‘1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणार सरोवर शोधले’ हे वाक्य अजूनही अनेक ठिकाणी छापले जाते. लोणारच्या लोकांनी त्याआधी कित्येक शतके गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर उभारले होते. विष्णूने लवणासुराला मारले आणि त्या जागी हा खड्डा झाला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’तही लोणारचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर जमणारा खार गोळा करणारे लोक त्याच्या पोतावरून प्रकार ओळखत आणि त्यांना वेगवेगळी नावे देत. सरोवर हरवलेले नव्हतेच. अलेक्झांडरने ते युरोपीय वाचकांच्या नोंदीत आणले. त्याला त्याचे श्रेय द्यावे, पण शोध हा शब्द तिथे शोभत नाही.

खरा शोध लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा गोल खड्डा झाला कसा? सगळीकडे काळा बेसॉल्ट, त्यामुळे दीर्घकाळ सर्वांचा कौल ज्वालामुखीकडे होता. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवरात छिद्रे घेऊन खालचा खडक वर काढला. त्यात मॅस्केलिनाइट सापडले. प्रचंड आघाताखेरीज फेल्डस्पार या खनिजाचे असे काचेसारखे रूप होत नाही. 1973 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि लोणार उल्कापाताने झाले, हे मान्य झाले. वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे येते, तर दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. ज्या प्रश्नांची उत्तरे आणायला कुणी कुणाला पाठवले नव्हते, असे प्रश्न लोणारने उभे केले. म्हणून तिथे काम करणारे ते शोधक.

स्काऊट हा शब्द गावोगावच्या शाळांत पोचला तो रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्यामुळे. भारतात सैन्यात असताना ते सैनिकांना टेहळणी शिकवत. 1899 मध्ये त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक आले. पुढे दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगच्या वेढ्यात निरोप पोचवणारी मुले त्यांनी पाहिली, 1907 मध्ये ब्राउन्सी बेटावर मुलांचे शिबिर घेतले आणि 1908 मध्ये खास मुलांसाठी पुस्तक लिहिले. भारतात 1909 मध्ये बंगळूरला पहिले पथक निघाले, पण त्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ ही एकत्र संस्था झाली. मराठीने स्काऊटला ‘बालवीर’ म्हटले. शब्द छान आहे, पण त्यात शौर्य आले आणि कानोसा राहून गेला.

तो कानोसा स्काऊटच्या माग काढण्याच्या खेळात शिल्लक आहे. पुढे गेलेली तुकडी खडूने किंवा दगड-काटक्यांनी खुणा करते. बाण म्हणजे इकडून या, फुली म्हणजे इकडून नको. वर्तुळ आणि मधे ठिपका म्हणजे मी घरी गेलो. प्रत्येक खूण मागून येणाऱ्यासाठी असते.

या दोन्ही शब्दांची कसोटी अलीकडे एका वाघाने पाहिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी 2019 मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली होती. कागदोपत्री तो टी1-सी1, पुढे वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ नाव दिले. जूनमध्ये तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर 1,300 किलोमीटर झाले होते, आणि पुढच्या भटकंतीसह हा आकडा तीन हजारांच्या वर गेला.

त्याला कुणी पाठवले नव्हते आणि खबर द्यायला त्याच्या मागे कुणी थांबलेले नव्हते. त्याला हवा होता स्वतःचा मुलूख, सावज आणि जोडीदार. या अर्थाने तो शोधकच. पण गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा ठावठिकाणा वन्यजीव शास्त्रज्ञांना कळत होता आणि वाघाला जायला अजून कोणत्या वाटा उरल्या आहेत, हे त्या नोंदींनी दाखवले. ज्ञानगंगा हे सुमारे 205 चौरस किलोमीटरचे लहान अभयारण्य आहे. तिथे वाघ यायचा आणि टिकायचा, तर बाहेरच्या वाटा शाबूत हव्यात.

एप्रिल 2020 मध्ये कॉलर काढली. आता त्या वाटांवर माणसांनी लक्ष ठेवायला हवे. बुलडाणा जिल्ह्यात गावोगाव शाळा आहेत, स्काऊट-गाइडची पथके आहेत. आपल्या शिवारातला कोणता नाला बुजला, कुठे नवे कुंपण पडले, पाणवठा कोणत्या महिन्यात आटतो, एवढे या मुलांनी वहीत टिपावे आणि शिक्षकांनी ती वही वनखात्याच्या हाती द्यावी.