खोलीचा हिशेब

स्पीकर चांगला असूनही आवाज घुमत असेल, तर दोष बहुतेकदा खोलीचा असतो. हे मोजून दाखवायला 1895 साल उजाडावं लागलं. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबिन या 27 वर्षांच्या प्राध्यापकाने ऑर्गनची नळी वाजवली, जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि नाद विरायला लागणारा वेळ मोजला. निष्कर्ष असा: घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, शोषण वाढलं की घटतं. 1900 साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल याच हिशेबावर उभा राहिला. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर 1980 साली उघडलं. त्याची ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझा ओढा फिल्टरकडे. रत्नागिरीतली आमची खोली चार मीटर लांब, भिंती प्लास्टर केलेल्या जांभ्याच्या. माइक लावून मोजलं, तर 43 हर्ट्झपाशी उंचवटा. गणितही तेच सांगतं: ध्वनीचा वेग, सेकंदाला 343 मीटर, भागिले लांबीची दुप्पट. तो उंचवटा फिल्टरने कापता येतो. पण परतणारी लाट मूळ लाटेला जिथे मारते, तिथला खड्डा भरत नाही. मूळ लाट वाढवली की परतणारीही तेवढीच वाढते. वरच्या पट्टीतलं घुमणंही फिल्टरने थांबत नाही. तिथे शोषणच हवं. म्हणून नव्या ॲम्प्लिफायरआधी कापसाच्या दोन गाद्या भिंतीला टेकवून पुन्हा मोजणार आहे.