उपवासाचा पेला आणि बिरड्याचा सण : ज्यू इतिहासातील खाद्यसाक्ष्याचा विचार

मेक्सिकोतील इन्क्विझिशनच्या सतराव्या शतकातील दप्तरात चॉकलेटचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. तेथील आरोपी बहुधा पोर्तुगीज वंशाचे 'नवे ख्रिस्ती' असत. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना बाप्तिस्मा घेणे भाग पडले होते अशा ज्यू कुळांतील स्त्रीपुरुष. गुप्तपणे मोशेचा धर्म पाळणे हा त्यांच्यावरील आरोप. योम किप्पूरच्या उपवासाच्या आगेमागे घेतलेल्या आहारात चॉकलेट होते, किंवा विशिष्ट दिवशी पुढे केलेला चॉकलेटचा पेला आरोपीने घेतला नाही, अशा आशयाच्या जबान्या ह्या दप्तरात आहेत. त्यांवरून चॉकलेट हे ज्यू परंपरेतील एक पेयच होते, असे विधान अलीकडील लोकप्रिय लेखनात केले जाते. ते तपासून पाहावयास हवे. आणि ते तपासण्यास उपयोगी पडेल असा तुलनेचा विषय महाराष्ट्राच्या दाराशीच आहे. कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) बेने इस्राएल समाजाच्या जुन्या सणांची मराठी नावे हा तो विषय होय.

प्रथम पेयाविषयी. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये मेक्सिको जिंकले तेव्हा कोकोच्या बियांचे पेय तेथे पूर्वापार चालत आले होते. नाहुआत्ल भाषेत कोकोला 'काकाहुआत्ल' म्हणत. 'चॉकलेट' हा शब्द मात्र कोठून आला ह्याविषयी भाषाशास्त्रज्ञांत एकमत नाही. 'शोकोलात्ल' हे त्याचे मूळ म्हणून सर्रास दिले जाते. परंतु प्रारंभीच्या नाहुआत्ल साधनांत हे रूप आढळतच नाही. पेय घुसळण्याच्या रवीशी संबंध असलेले 'चिकोलात्ल' हे रूप मूळचे असावे, असा एक पक्ष आहे. सांगावयाचे ते इतकेच की, वस्तू आणि तिचे नाव ह्या दोहोंतही ज्यू असे काही नाही. दोन्ही अमेरिकेतील मूळ रहिवाशांची आहेत.

मग ह्या पेयाच्या स्वीकाराला वा नकाराला साक्षीचे मोल कसे आले? ह्याचे उत्तर शेजाऱ्यांच्या उपवासात सापडते. कॅथलिक उपवासाला घन अन्न वर्ज्य. पेयाने तो मोडतो की नाही हा वादाचा विषय होता. आंतोनियो दे लेओन पिनेलो ह्याने १६३६ मध्ये माद्रिद येथे ह्याच प्रश्नावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १६६४ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो ह्यांनी पेयाने उपवास मोडत नाही ह्या बाजूने कौल दिला. वाद चालू होता तोवर लोक पीत होतेच. ज्यू उपवास निराळा. योम किप्पूरला सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही. तेव्हा ज्या नगरात उपवासाच्या दिवशीही पेला हातात घेण्यास सामान्यतः हरकत मानली जात नव्हती, तेथे तो न घेणारी व्यक्ती चटकन नजरेत भरे. पेल्याने काहीच सिद्ध होत नव्हते. नकाराचा दिवस कोणता, ह्याने सारे सिद्ध होई. आणि तो दिवस लक्षात ठेवणारे साक्षीदार बहुधा घरातलेच असत, कारण पेला घरात भरला जातो.

लेओन पिनेलोविषयी एक गोष्ट येथेच नमूद करणे योग्य होईल. चॉकलेटने ख्रिस्ती उपवास मोडतो काय, ह्याची चिकित्सा करणारा हा विद्वान स्वतः पोर्तुगीज नव्या ख्रिस्ती घराण्यातला होता. त्याचे आजोबा लिस्बन येथे इन्क्विझिशनच्या शिक्षेने जाळले गेले होते. त्याच्या ग्रंथात ह्याची छाया शोधण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. मेक्सिकोत १६४२ पासून धरपकडीची मोठी लाट आली, आणि ११ एप्रिल १६४९ रोजी झालेल्या जाहीर शिक्षासमारंभात तोमास त्रेविन्यो दे सोब्रेमोन्ते ह्या व्यापाऱ्याला जिवंत जाळण्यात आले. ज्या जबान्यांचा आज खाद्येतिहासाचे साधन म्हणून उपयोग केला जातो, त्या अशा भीतीखाली दिलेल्या आहेत. कोणता प्रश्न विचारावयाचा हे न्यायाधीश ठरवीत असे, म्हणून उत्तरात काय येणार हेही बऱ्याच अंशी तोच ठरवी. अभ्यासकाने ह्या कागदांपुढे अंमळ संकोचानेच बसावे.

ज्यू आणि चॉकलेट ह्यांचा दुसरा संबंध व्यापाराचा. इबेरियातून बाहेर पडलेल्या कुळांपैकी काही फ्रान्समधील बायोन नगराजवळ, आदूर नदीपलीकडच्या सेंत-एस्प्री वस्तीत राहिली व चॉकलेट तयार करण्याची कला त्यांनी तेथे रुजविली. नगरात वास्तव्याची त्यांना मुभा नव्हती. माल मात्र नगरात खपत असे. पुढे ख्रिस्ती कारागिरांनी तीच कला उचलली, १७६१ मध्ये आपला संघ स्थापून ज्यूंना धंद्यातून वगळले, आणि १७६७ मध्ये बोर्दोच्या न्यायसभेने तो संघ रद्द ठरविला. फ्रेंच मार्तिनिक बेटावरील कोको व्यवसायातही ज्यू होते. १६८५ च्या गुलामविषयक कायद्याच्या पहिल्याच कलमाने फ्रेंच बेटांवरील ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम दिला. हा इतिहास महत्त्वाचा खरा, पण तो धंद्याचा व मत्सराचा आहे. धर्माचाराविषयी त्यातून फारसे हाती लागत नाही.

इन्क्विझिशनची हीच यंत्रणा गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चालू होती. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांच्या १९६१ मधील ग्रंथाने तिचा इतिहास अभ्यासकांपुढे ठेवला आहे. 'कोलोक्युश' हा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया दा ओर्ता हा अशाच कुळातला. तो १५६८ मध्ये निधन पावला; पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना गुप्त ज्यू म्हणून जाळली गेली, आणि १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून त्याही जाळण्यात आल्या. ह्याच ओर्ताकडे मुंबई बेट पोर्तुगीज सरकारकडून खंडाने होते. त्या बेटापासून समुद्रमार्गाने जवळच असलेल्या अलिबाग-रेवदंडा भागात शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' राहत असल्याची परंपरा आहे. इन्क्विझिशनचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर प्रामुख्याने चाले, आणि हे तेली कधीच ख्रिस्ती झालेले नव्हते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ती एक जात होती, तिचा एक पाळणुकीचा वार होता. त्यात लपविण्यासारखे कोणाला काही वाटले नाही. मेक्सिकोत जे नाकारण्याने उघड झाले, ते कोकणात उघडच होते आणि म्हणूनच बराच काळ बाहेरच्या जगाला दिसले नाही. 'बेने इस्राएल' हे नाव युरोपीय लेखनात प्रथम आढळते ते १७३८ मध्ये, सार्टोरियस ह्या मिशनऱ्याच्या पत्रात.

समाजाची परंपरा अशी की, नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली ती 'शमा' ही प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती, आणि खाण्यापिण्याचे नियम. पुढे दाविद राहाबी नावाचा ज्यू तेथे आला. त्याने स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी पर व खवले असलेले मासे तेवढे निवडून बाजूला काढले, आणि हे आपलेच लोक होत अशी त्याची खात्री पटली. राहाबीच्या काळाविषयी तीव्र मतभेद आहेत. काही त्याला दहाव्या-अकराव्या शतकाइतका मागे नेतात, तर काहींच्या मते तो अठराव्या शतकातील कोचीनचा राहाबी होय. कथेचा आशय मात्र लक्षणीय आहे. परीक्षा घेणाऱ्याने पोथी मागितली नाही, वंशावळ मागितली नाही. स्त्रियांच्या हाताची सवय पाहिली. मेक्सिकोतील न्यायाधीशही सवयच पाहत होता. फरक पडला तो निकालात.

आता सणांच्या नावांकडे वळावे. ह्या नावांचा सविस्तर वृत्तांत हायम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या इतिहासात आहे; तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. एक सावधगिरी आरंभीच बाळगली पाहिजे. केहिमकरांनी लिहिले तेव्हा कोचीनचे शिक्षक येऊन गेले होते, मुंबईत दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले होते, आणि जॉन विल्सन ह्यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्येच निघाले होते. तेव्हा मराठी सण आणि बायबलातील सण ह्यांची जुळणी काही अंशी मागाहून केलेली आहे. नावे मात्र मागाहून केलेली वाटत नाहीत. हिब्रू शिकलेल्या माणसाने अशी नावे ठेवलीच नसती.

वल्हांडणाच्या सणाचे नाव 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे आंबट रस साठविण्याचे मातीचे भांडे. ते ह्या काळात झाकून ठेवीत. हिब्रूत ह्या सणाला वर्ज्य असलेल्या आंबवलेल्या पदार्थास 'हामेत्स' म्हणतात, आणि त्या धातूचा अर्थ 'आंबट होणे' असाच आहे. तांदळाची भाकरी खाणाऱ्या कोकणात खमिराची रोटी नव्हतीच. तेव्हा निषेधाला बसण्यास जागा उरली ती आंबटाच्या मडक्यावर. शब्द हरवला आणि अर्थ राहिला, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

योम किप्पूरचे जुने नाव दार लावून घेण्याच्या क्रियेवरून पडले होते. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून माणसे घरात राहत व परक्यांचा स्पर्श टाळीत. दुसऱ्या दिवसाचे नाव 'शिळा सण'. आव महिन्याच्या नवमीला, मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनी, 'बिरड्याचा सण' असे. आव महिना साधारणतः श्रावणाच्या सुमारास येतो. मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे त्या दिवसांत कोकणात घरोघरी होते, आणि शोकाच्या त्या दिवसांत ज्यूही मांस टाळतात. बिरडे काही ज्यू नाही, जसे चॉकलेट ज्यू नव्हते. फक्त नवमीने त्याला वेगळे केले.

'नव्याचा सण' आणि 'खिरीचा सण' ही जोडी अधिक विचार करावयास लावते. पहिल्याचा अर्थ 'नव्या वर्षाचा सण', म्हणजे रोश हश्शाना, असा केला जातो. तिश्री महिना अमावास्येनंतर, बहुधा आश्विनाच्या सुमारास सुरू होतो, आणि कोकणात आश्विन पौर्णिमा हीच 'नव्याची पौर्णिमा'. तेथे 'नवे' म्हणजे नवे भात. खीरही नव्या धान्याचीच करीत. तेव्हा ह्या नावातील 'नवे' मूळचे वर्षाचे नसून धान्याचे असणे अधिक संभवनीय दिसते. पुरीमला 'होळीचा सण' म्हणत, ह्यातही नवल नाही. पुरीम अदारच्या चतुर्दशीला आणि होळी फाल्गुन पौर्णिमेला, आणि दोन्ही पंचांगे अधिक मास धरणारी. ह्याउलट एलूल महिन्यातील उपवासांना 'रमजान' म्हणत. इस्लामी महिना ऋतूंतून फिरत राहतो, एलूल फिरत नाही. म्हणजे येथे महिना उसना घेतलेला नसून 'उपासांचा महिना' ह्या अर्थाचा केवळ शब्द घेतला आहे. 'नव्याचा रोजा', 'काजी', एलियाहू संदेष्ट्याचा 'उरूस' हे शब्द त्याच थरातले. बिरडे, खीर, शिळे, दार ह्यांचा थर निराळा, आणि बहुधा जुना.

हनुक्का हा सण जुन्या यादीत नाही. त्यावरून हा समाज मॅकबींच्या बंडापूर्वीच पॅलेस्टाइनमधून निघाला असावा, असे अनुमान केहिमकर काढतात. केवळ अनुपस्थितीवर इतका भार टाकणे धोक्याचे आहे. आज हनुक्काला मुलांना चॉकलेटची नाणी वाटतात, ती तर विसाव्या शतकातील अमेरिकेतली रीत होय.

सवयीच्या साक्षीला विसाव्या शतकात पुन्हा एकदा आव्हान मिळाले. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलमध्ये गेले. १९६१-६२ च्या सुमारास तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहनोंदणीपूर्वी आई, आजी व मागील पिढ्यांची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. पूर्वीचे घटस्फोट व पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते काय, अशी शंका होती. कागद मागितले गेले, आणि नवगावच्या तेल्यांकडे कागद कोठून असणार? जेरुसलेममध्ये धरणे धरली गेली. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, आणि त्यानंतर सूचनांतून त्यांचे नाव वगळण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही मध्यपूर्वेतील ज्यूंशी असलेल्या त्यांच्या नात्याला पुष्टी मिळाली. पण विवाह व्हावयाचे होते ते त्याच्या पुष्कळ आधी होऊन गेले होते.

नवस फेडताना आणि लग्नापूर्वी ह्या समाजात आजही मलिदा होतो. 'मलिदा' हा शब्द फारसी, अर्थ 'चोळलेले, मळलेले'. दर्ग्यावरचा मलिदा गव्हाच्या पोळीचा चुरा करून, तूप घालून करतात. बेने इस्राएल मलिदा भिजविलेल्या पोह्यांचा, त्यात ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलदोडा, बाजूला फळे. शब्द एकाकडचा, पोहे कोकणचे, आणि आशीर्वाद हिब्रू. रोश हश्शानाला चिकाचा हलवा करतात. गहू भिजवून काढलेला चीक नारळाच्या दुधात आटवितात. मांसाच्या जेवणानंतर गाईम्हशीचे दूध चालत नाही, नारळाचे चालते, म्हणून हा हलवा त्याच पंगतीत वाढता येतो. दूध घातलेले चॉकलेट त्याच नियमाने काही तास थांबते.