शमीची राखण



दसऱ्याला आपण सोने म्हणून वाटतो ती पाने आपट्याची, पण त्या दिवशीच्या पूजेचा खरा मान शमीचा. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे लपवली ती शमीवर. गणपतीच्या पत्रीत शमी लागते. यज्ञाचा अग्नी ज्या अरणी घासून काढायचे, त्यांसाठी शमीवर उगवलेल्या पिंपळाचे लाकूड उत्तम मानत. मराठीत या झाडाला सौंदड असेही नाव आहे. एवढा मान असूनही आपल्यापैकी फार थोड्यांनी शमीचे मोठे झाड पाहिलेले असते. ते पाहायचे तर मारवाडात जावे. तिथे तिला खेजडी म्हणतात आणि तिथला तिचा इतिहास नुसता पूजेचा नाही.

वैशाख-ज्येष्ठात थरच्या वाळवंटात बाकी सारे करपलेले असते, तेव्हा खेजडीला नवी पालवी फुटते. मुळे खोल ओलीपर्यंत गेलेली, त्यामुळे वर पाऊस नसला तरी झाड हिरवे. कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते. त्या वाळवून वर्षभर पुरवतात. पाला उंटा-शेळ्यांना. झाड शिंबावर्गातले असल्याने जमीन कसदार होते, आणि म्हणून तिथला शेतकरी खेजडीच्या सावलीतही बाजरी बिनधास्त पेरतो. 1868-69 च्या भीषण दुष्काळात माणसांनी तिची साल दळून पिठात मिसळून खाल्ली आणि जीव जगवले.

अशा मुलखात जांभोजींनी (1451 ते 1536) 1485 मध्ये बिश्नोई पंथ स्थापन केला. नियम एकोणतीस, वीस आणि नऊ, त्यावरून बिश्नोई. त्यातला एक नियम हिरवे झाड तोडू नये हा. संतांचे उपदेश आपल्यालाही नवे नाहीत. पण हा उपदेश शेतीच्या कामाला जोडलेला होता, म्हणून टिकला असे मला वाटते.

त्याची परीक्षा 1730 साली झाली. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या बांधकामासाठी चुना भाजायला लाकूड हवे होते. आपल्या मराठ्यांच्या इतिहासातही हे अभयसिंह भेटतात. पुढे गुजरातचे सुभेदार असताना 1732 मध्ये डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा दग्याने खून करवणारे ते हेच. तर त्यांचा कारभारी गिरधर भंडारी माणसे घेऊन जोधपूरजवळच्या खेजडली गावात आला. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिचा शिरच्छेद झाला. तिच्या मागे तिच्या तीन मुली, आणि मग गावोगावचे बिश्नोई. एकूण 363 माणसे गेली. महाराजांना कळले तेव्हा तोड थांबली आणि बिश्नोई गावांत झाडे तोडण्यास मनाई झाली. तो दिवस भाद्रपद शुद्ध दशमीचा, आपल्या विजयादशमीच्या बरोबर एक महिना आधीचा. 1973 साली गढवालात चिपको आंदोलन सुरू झाले, त्याचे मूळ पुष्कळजण इथे शोधतात.

ही गोष्ट आता बरीच सांगितली जाते आणि सांगावीच. पण मला महत्त्वाची वाटते ती तिच्या अलीकडची आणि पलीकडची, रोजची गोष्ट. मारवाडात खेजडी बहुधा कुणी लावलेली नसते, राखलेली असते. नांगरताना रोप दिसले की नांगर बाजूने वळवायचा. आधी मुळे खोल जातात, वर वाढ फार थोडी, म्हणून पहिली काही वर्षे शेळ्यांपासून काटेरी कुंपण घालायचे. लहान झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. मोठे झाल्यावर फांद्या छाटायच्या त्या थंडीत, आणि शेंडा ठेवायचा. आपल्याकडे कोरड्या भागात कुणाला लावायची असेल तर ताज्या शेंगांचे बी दिवसभर पाण्यात भिजवून पिशवीत पेरावे, पावसाळ्यात कायमच्या जागी लावावे, पहिले दोन उन्हाळे थोडे पाणी द्यावे. पुढे ती पाणी मागत नाही, फक्त सबुरी मागते.

ती सबुरी सुटली की काय होते तेही त्याच मुलखाने दाखवले. मूळची अमेरिका खंडातली विलायती बाभूळ, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो, ती लवकर वाढते म्हणून पसरवली गेली. 1940 साली जोधपूर संस्थानाने तिला शाही वृक्षाचा मान दिला. आज ती काढता निघत नाही. राजस्थान सरकारने 1983 साली खेजडीला राज्यवृक्ष केले, 1988 मध्ये तिचे टपाल तिकीटही निघाले. पण मान मिळाला म्हणून झाड जगत नाही. बैलाचा नांगर रोपाला वळसा घालायचा, ट्रॅक्टर रोपेही काढतो आणि मोठ्या झाडांची मुळेही तोडतो. दरवर्षी शेंड्यापर्यंत छाटणी होते. दुबळ्या झालेल्या झाडाला मूळ पोखरणारी अळी आणि गॅनोडर्मा बुरशी गाठते, आणि शतकभराचे झाड उभे वाळते. अलीकडे बिकानेरच्या बाजूला सौर प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या गेल्या, त्याविरुद्ध लोक पुन्हा रस्त्यावर आले. सूर्याची वीज हवी आहे, यात वाद नाही. पण त्याच सूर्याखाली सावली धरणारे झाड तोडून ती मिळवावी का, हा प्रश्न त्या लोकांनी विचारला तो योग्यच आहे.

363 माणसांचे स्मरण आपण दरवर्षी करू शकतो. त्यांनी ज्यासाठी प्राण दिले ते झाड मात्र स्मरणाने वाढत नाही. त्यासाठी शेतात नांगर वळवणारा हात लागतो, आणि तो हात आजच्या शेतकऱ्याला परवडेल अशी व्यवस्था लागते. नाहीतर शमी पत्रीतच उरेल, आणि तीही बाजारातून आणलेली.

असो. तुमच्या गावाकडे शमीचे जुने झाड असेल तर जरूर कळवा.