न बोलणाऱ्या माणसाचा इतिहास कसा लिहायचा?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांकडून मला हमखास येणारा प्रश्न: ज्या माणसाने आत्मचरित्र लिहिलं नाही, मुलाखतीही फारशा दिल्या नाहीत, त्याच्यावर काम करता येतं का? गाईड विचारतात, "साधनं कुठायत?" आणि विषय तिथेच संपतो. आज उत्तरासाठी एक लांबचं उदाहरण घेऊ. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा बेस वादक आणि गीतकार-संगीतकार जॉन डीकन.

क्वीन म्हटलं की तुम्हाला फ्रेडी मर्क्युरी आठवणार, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा. साहजिक आहे. त्याच्या मागे, ड्रमच्या शेजारी उभा राहून चुपचाप वाजवणारा तो डीकन. चौघांत वयाने सगळ्यात लहान. 19 ऑगस्ट 1951 ला लेस्टरमध्ये जन्म, बालपण शेजारच्या ओडबीत. वडील विमा कंपनीत नोकरीला. मुलगा लहान असतानाच ते गेले. पोराला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून बघायचा नाद. पुढे लंडनच्या चेल्सी कॉलेजमधून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, तीही पहिल्या वर्गात. 1971 मध्ये तो क्वीनमध्ये आला. त्याच्या आधी तीन बेस वादक येऊन गेले होते. 2018 च्या 'बोहेमियन रॅप्सोडी' सिनेमात मात्र तो पहिल्या कार्यक्रमापासूनच मंचावर दिसतो. सिनेमा बघून टिपणं काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता साधनांकडे. पहिलं साधन कागद नाही, एक वस्तू आहे. 1972 च्या सुमारास डीकनला लंडनमध्ये रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि अँप्लिफायर तयार केला. स्वतःच्या बेससाठी तो फारसा कामाचा नव्हता, पण गिटारवादक ब्रायन मे याला त्याचा आवाज भयंकर आवडला. 'अ नाइट अॅट द ऑपेरा' या 1975 च्या अल्बममधलं 'गुड कंपनी' ऐका. जुन्या जॅझ बँडची वाद्यं वाजतायत असं वाटतं; ती सगळी मेची गिटार आहे, याच डब्यातून गेलेली. अल्बमवर डीकनच्या नावापुढे याची नोंद सापडणार नाही. वर्षांनंतर या डब्याची हुबेहूब नक्कल करायची म्हणून तो उघडून तपासला गेला, तेव्हा कुठे त्याच्या पोटातल्या कारागिरीची नीट नोंद झाली. ज्याने शब्द ठेवले नाहीत त्याने हाताचं काम ठेवलं असेल, तर तेही वाचता यायला हवं.

दुसरं साधन म्हणजे रेकॉर्डवरचं श्रेय. इथे जरा थांबूया, कारण बहुतेक जण फसतात ते इथेच. पहिल्याच अल्बमवर, 1973 मध्ये, त्याचं नाव 'डीकन जॉन' असं उलटं छापलंय. का, तर ऐकायला भारी वाटतं म्हणून. पुढच्या अल्बमवर ते सरळ झालं. गाणं लिहिलेला माणूस म्हणून त्याचं नाव प्रथम येतं 1974 मध्ये, 'मिसफायर' या छोट्याशा गाण्याखाली. मग 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', जे त्याने बायकोसाठी लिहिलं. त्यातला इलेक्ट्रिक पियानो त्याने स्वतःच वाजवला, कारण फ्रेडीला ते वाद्य मुळीच पसंत नव्हतं. 1980 मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, 1984 मध्ये 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' आलं.

पण श्रेय म्हणजे निव्वळ 'कोणी लिहिलं' याचं उत्तर नव्हे. तो पैशाचाही कागद आहे. 'बोहेमियन रॅप्सोडी' या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं, आणि रेकॉर्ड एकच असल्याने त्या गाण्यालाही पुढच्या बाजूइतकीच रॉयल्टी मिळाली. यावरून बँडमध्ये धुसफूस झाली. शेवटी 1989 च्या 'द मिरॅकल'पासून सगळी गाणी 'क्वीन' या एकाच नावावर जाऊ लागली. भांडणं मिटली, आपली मात्र पंचाईत झाली! तिथून पुढे डीकनची वाटणी कागदावरून ओळखता येत नाही. एकच कागद, पण 1988 पर्यंत त्याचा अर्थ वेगळा आणि 1989 नंतर वेगळा. तक्ता बनवून "डीकनची गाणी कमी झाली" असा निष्कर्ष काढलात, तर व्हायव्हात तुमची खैर नाही.

आणखी एक गुंता. 'अनदर वन...'ची बेसची चाल अमेरिकेतल्या शीक या बँडच्या 1979 च्या 'गुड टाइम्स'शी नातं सांगते. शीकचा बेस वादक बर्नार्ड एडवर्ड्स म्हणाला होता की क्वीनचा बेसवाला आमच्या स्टुडिओत येऊन बसलेला आहे, आणि त्याबद्दल आपली तक्रार नाही. त्याची तक्रार होती पत्रकारांबद्दल. त्यांनी उलट शीकनेच क्वीनची नक्कल केली असं छापलं. काळे वादक काही नवं करू शकतात हे त्यांच्या गळीच उतरत नव्हतं. दोन रेकॉर्डच्या तारखा शेजारी ठेवल्या असत्या तर प्रश्न मिनिटात सुटला असता. डीकन गप्प होता म्हणून त्याच्यावर अन्याय झाला असं लिहायला हात शिवशिवतो, पण या ठिकाणी अन्याय दुसऱ्याच माणसावर झालाय.

'अंडर प्रेशर'ची गोष्ट याहून मजेशीर. 1981 मध्ये मोंत्रोच्या स्टुडिओत डेव्हिड बोवीबरोबर ते गाणं झालं. ती प्रसिद्ध चाल डीकनला सुचली, मग सगळे जेवायला गेले, परत आल्यावर तो ती विसरला होता. टेलर सांगतो, मी आठवण करून दिली. मे सांगतो, बोवीने डीकनचा हात धरून चाल बदलली. आणि डीकनने स्वतः एका मुलाखतीत श्रेय बोवीला दिलं होतं. म्हणजे आपला माणूस बोलतो तेव्हाही स्वतःविरुद्धच साक्ष देतो. मौखिक इतिहास करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी गेला. 17 जानेवारी 1997 ला पॅरिसमध्ये, बेजार यांच्या बॅलेच्या कार्यक्रमात, डीकन शेवटचा मंचावर दिसला. त्यानंतर निवृत्ती. 2001 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान घ्यायलाही तो गेला नाही. का? मित्राच्या मृत्यूतून तो सावरलाच नाही, असं मे आणि टेलर यांनी सांगितलंय. पटण्यासारखं आहे, पण ही दोन सहकाऱ्यांची साक्ष आहे. प्रबंधात "टेलरच्या मते" हे शब्द गाळायचे नाहीत. शिवाय हेच दोघं असंही सांगतात की पैशाचे, कराराचे निर्णय आजही त्याच्या संमतीने होतात. जगापासून तुटलेला, खचलेला माणूस हे चित्र या दुसऱ्या माहितीशी जुळत नाही. त्याने मंच सोडला, हिशोब सोडला नाही. पाठलाग करून काढलेले त्याचे फोटो नेटवर पडलेत. ते मी वापरत नाही. जिवंत माणसाने बोलायचं नाही असं ठरवलं असेल, तर त्याचं गप्प राहणं आपण नोंदवू शकतो, त्याच्या दारात जाऊन उभं राहू शकत नाही.

मंचावरून उतरल्यानंतर त्याच वर्षी, ऑक्टोबर 1997 मध्ये, तो मे आणि टेलरबरोबर एकदा स्टुडिओत बसला. 'नो वन बट यू' हे त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग, फ्रेडीच्या आठवणीतलं. त्याच्याखाली श्रेय पुन्हा एकाच माणसाच्या नावावर आहे: ब्रायन मे.