'पवित्र'च्या पडद्यावर काय दिसते आणि काय झाकले जाते

महाराष्ट्र शासनाने शिक्षक भरतीसाठी जे संकेतस्थळ उभारले त्याचे नाव 'पवित्र'. 'पोर्टल फॉर व्हिजिबल टू ऑल टीचर रिक्रूटमेंट' या इंग्रजी शब्दांची अक्षरे ओढूनताणून जुळवली आणि हा शब्द तयार केला. ज्या समाजाला याच शब्दाच्या नावाखाली पाणवठ्यापासून आणि शाळेच्या ओट्यापासून पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवले, त्याच्या मुलामुलींनी मास्तर होण्यासाठी आता 'पवित्र'च्या दारात लॉगिन करायचे. नाव सुचवणाऱ्यांच्या ध्यानातही हे आले नसेल.

नावावर आम्ही अडून बसणार नाही. त्या नावातला दावा मात्र आम्ही गंभीरपणे घेतो : सर्वांना दिसेल अशी भरती. सरकारी संकेतस्थळ चांगले की वाईट याची चर्चा आपल्याकडे ओटीपी आला की नाही, सर्व्हर बसला का, फोटो किती केबीचा हवा, इथेच संपते. हे प्रश्न खरेच आहेत. मात्र आमची कसोटी वेगळी आहे. उमेदवाराला पडद्यावर कुठपर्यंत दिसते, आणि जिथे दिसायचे थांबते तिथे कोण बसलेला असतो? हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. त्यातला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा मुद्दा सगळेच सांगतात. शिक्षक कोण असावा यावर त्यांनी जे मांडले ते मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे पंतोजी ब्राह्मण आहेत, त्यातले थोडेच ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेले आहेत आणि बाकीचे अप्रशिक्षित आहेत, हे त्यांनी नोंदवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांनी सुचवले. पगाराचा आकडाही दिला : १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत १५ किंवा २०. म्हणजे प्रशिक्षण, प्रतिनिधित्व आणि पगार या तीन गोष्टी फुल्यांनी एकाच मागणीत बांधल्या होत्या. त्याआधी १८६९ मध्ये 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा लिहून त्यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले होते.

परवाना मिळणे आणि वर्गात उभे राहायला मिळणे यांतले अंतर आमच्या इतिहासात फार ठळक आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महाराच्या मुलाला शिक्षकाचे प्रशिक्षण आणि हुद्दा मिळाला तो पलटणीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरतीच थांबवली, तेव्हा ते दारही बंद झाले. आणि याच मुख्याध्यापकाचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून तरट घेऊन जात होता. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहानलेले राहायचे. बाप मुख्याध्यापक होता याने मुलाच्या वर्गातल्या जागेत काहीही फरक पडला नाही, कारण गावच्या शाळेचे दार दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होते.

पुढची साठ-सत्तर वर्षे व्हर्नाक्युलर फायनल, पीटीसी आणि मग डीएड या वाटेने आमची माणसे मास्तर झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आरक्षणामुळे पहिली पिढी उभी राहिली. आजच्या कित्येक बौद्ध कुटुंबांत पहिला पगार आला तो प्राथमिक शिक्षकाचा. खासगी अनुदानित शाळांत मात्र चित्र वेगळे होते. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली यांत मागासवर्गीयांसाठी राखीव जागांची तरतूद आली. पण त्याच कायद्याच्या कलम ५ ने नेमणूक करण्याचे काम संस्थेच्या व्यवस्थापनाकडे ठेवले. पगार सरकारी तिजोरीतून आणि निवड संस्थाचालकाच्या ओसरीवर, ही महाराष्ट्राची खास रचना. तिथे कोणत्या शब्दाला काय अर्थ होता ते गावोगावच्या डीएड, बीएड झालेल्यांना सांगायला नको. 'डोनेशन' हा इंग्रजी शब्द या राज्यात शिक्षक भरतीने घरोघरी पोहोचवला.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या आधारे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक केली. हाच खऱ्या अर्थाने आजचा परवाना. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. म्हणजे परवान्याची परीक्षा सुरू झाली तेव्हा मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षक भरतीच बंद होती! प्रमाणपत्राची मुदत त्या वेळी सात वर्षांची. हातात परवाना घेऊन भरतीची वाट बघायची आणि बघता बघता परवानाच शिळा व्हायचा. ती मुदत २०२१ मध्ये तहहयात झाली, तोवर कित्येकांची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

२३ जून २०१७ चा शासन निर्णय या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. 'पवित्र'ची कल्पना सरळ होती. राज्यभर एकच अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. उमेदवाराने स्वप्रमाणपत्र भरायचे, पसंतीक्रम द्यायचा, आणि गुण, आरक्षण व विषय पाहून संगणकाने शिफारस करायची. आम्ही या कल्पनेच्या बाजूने आहोत, हे स्पष्ट लिहून ठेवतो. आमच्यातलेच काही मित्र 'यंत्र माणसाला काय ओळखणार' म्हणून नाक मुरडतात. यंत्र आडनाव ऐकून 'मूळ गाव कोणते' असे विचारत नाही, एवढ्यासाठीच आम्हाला ते जास्त भरवशाचे वाटते.

आता प्रत्यक्ष वापराचे बघू. संकेतस्थळाची भाषा मराठी आहे, पण कोणती मराठी? समांतर आरक्षण, बिंदुनामावली, व्यवस्थापन, स्वप्रमाणित करणे, प्राधान्यक्रम लॉक करणे. शासन निर्णय लिहिणाऱ्या बाबूची ही भाषा आहे. मेळघाटातला किंवा किनवटचा डीएड झालेला मुलगा मोबाइलच्या पडद्यावर हे वाचतो आणि शेवटी सायबर कॅफेवाल्याच्या हाती अर्ज सोपवतो. एकदा लॉक झाले की चूक गळ्यात. ज्यांच्या घरात आधी कोणी सरकारी अर्ज भरलेला आहे त्यांना ही भाषा कानावरून गेलेली असते. इतरांसाठी ती नवी परीक्षाच, आणि तिची तयारी कुठे करून घेतली जात नाही. पंतोजी मुलांशी मिसळत नाही ही फुल्यांची तक्रार होती. आज पडदा मिसळत नाही.

दुसरी गोष्ट, दारे तीन आहेत. पात्रता राज्य परीक्षा परिषदेकडे, शिफारस 'पवित्र'वर, पगार 'शालार्थ'वर. ही तिन्ही एकमेकांना खऱ्या अर्थाने तपासत असती तर काय झाले असते ते पाहा. २०१९-२० च्या टीईटीतला गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे सायबर पोलिसांनी उघड केला. ऑगस्ट २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली आणि त्यातले कितीजण नोकरीत पगार घेत आहेत याचा शोध नंतर सुरू झाला. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण बाहेर आले. प्रामाणिक उमेदवाराकडून प्रत्येक दारात तीच कागदपत्रे पुन्हा मागायची आणि खोट्या माणसाला तिन्ही दारांतून वाट सापडायची, याला सोयीचे संकेतस्थळ कोण म्हणेल?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जिल्हा परिषदेसाठी आणि मुलाखतीशिवाय भरणाऱ्या संस्थांसाठी एका जागेला एक उमेदवार मिळतो. यादी लागते, गुण दिसतात, कोणाला कुठे घेतले ते कळते. मुलाखतीसह भरती निवडणाऱ्या खासगी संस्थांकडे मात्र आधी एका जागेला दहा उमेदवार जात. २०२२ च्या निर्णयाने ते तीन झाले आणि अध्यापन कौशल्य व मुलाखतीचे ३० गुण संस्थेच्या हाती आले. इथे पडदा काळा होतो. डिसेंबर २०१७ मध्ये चाचणी दिलेल्यांची मुलाखतीशिवायची पहिली यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. मुलाखतीच्या जागांसाठी सप्टेंबर २०२१ उजाडला. चाचणीपासून मोजले तर पावणेचार वर्षे.

संस्थांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे : शाळा आम्ही काढली, शिक्षक पारखण्याचा अधिकार आमचा. शाळा काढताना या माणसांनी खस्ता खाल्ल्या असतील, ते नाकारत नाही. पण शंभर टक्के पगार जनतेच्या पैशातून जातो तिथे पारख खासगी राहू शकत नाही. दहाचे तीन झाल्याने अन्याय कमी झाला असेही नाही; बोलणी करायला तीनच माणसे उरली एवढेच. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मुलाखतीचे गुण उमेदवारनिहाय त्याच दिवशी 'पवित्र'वर चढवावेत, मुलाखतीचे चित्रीकरण जपावे, संस्थेची बिंदुनामावली जाहिरातीशेजारी सर्वांना उघडता यावी आणि नाकारलेल्याला कारण लेखी दिसावे. याला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, चार रकाने लागतात.

पगाराचेही सांगायला हवे, कारण फुल्यांनी ते वेगळे काढले नव्हते. २००० सालच्या शिक्षण सेवक योजनेने प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे महिना ३,००० रुपयांवर राबवले. पुढे ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,०००. एवढी चाळण पार करून गडचिरोलीहून कोकणात रुजू झालेल्या मुलीने खोलीभाडे भरून घरी काय पाठवायचे?

आणि आता १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल. वीस वर्षे शिकवलेल्या, संगणकाची सवय नसलेल्या मास्तरांची आणि बाईंची या संकेतस्थळांवर रांग लागणार आहे. त्यांच्यात आमच्या पहिल्या पिढीची मंडळी मोठ्या संख्येने असतील. प्रत्येक पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज भरून देणारा माणूस बसवावा आणि चुकलेला अर्ज दुरुस्त करण्याची मुदत द्यावी, हे निवेदन आपापल्या जिल्ह्यात या महिन्यातच दिले पाहिजे. मुदत ऑगस्ट २०२७ च्या अखेरीस संपते.