फोटोची पाठ

गोव्यातला माणूस शहापूरला जातो तो साड्यांसाठी नाहीतर दागिन्यांसाठी. लग्न ठरले की चोर्ला घाट चढायचा, खडेबाजारात दिवसभर दुकाने पालथी घालायची आणि काळोख पडायच्या आत घाट उतरायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. गेल्या डिसेंबरात मी मात्र गेलो तो एक फोटो घेऊन.

फोटो माझ्या वडिलांच्या आत्याचा. ती शहापुरात दिलेली होती आणि तरुणपणीच गेली. तिचा हा एकच फोटो. गोव्याचे पाऊस खाऊन खाऊन तो पिवळा पडला, आणि डावी बाजू तर इतकी पुसट झाली की अर्धा चेहरा नाहीच म्हणा ना! माझ्या पुतण्याने मोबाइलवरच्या एका अॅपला तो फोटो दिला. अर्ध्या मिनिटात चेहरा पूर्ण झाला, रंगसुद्धा चढले. घरात सगळे खूश. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बाई देखणी आहे, पण ही आमची आते नव्हे."

वडील आता ब्याऐंशी वर्षांचे. आत्याला त्यांनी शेवटचे पाहिले तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली उतरलेली असे, एवढे त्यांना पक्के आठवते. अॅपने दोन्ही डोळे सारखे करून टाकले होते.

मग मी मूळ फोटो उलटा केला. कारकुनी करून लागलेली सवय, कागद हातात आला की आधी शिक्का आणि तारीख बघायची. पाठीवर पेन्सिलीने एक नंबर होता आणि फिकट जांभळा शिक्का: स्टुडिओचे नाव, खाली 'शहापूर, सांगली संस्थान'.

तरुण वाचकांना हे 'सांगली संस्थान' कोड्यात टाकील. आज शहापूर म्हणजे बेळगाव शहराचाच एक भाग. पण इंग्रजी अमदानीत बेळगाव आणि तिथली छावणी ब्रिटिशांची, आणि लागूनच असलेले शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे. विणकरांचे, सराफांचे गाव. मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले, शहापूर मुंबई राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. दुकान जागचे हलले नाही तरी शिक्का मात्र बदलत राहिला. आमच्या फोटोवरचा शिक्का बहुधा १९४८ च्या आधीचा, एवढे त्या दोन शब्दांनी मला सांगितले.

स्टुडिओ शोधायला वेळ लागला नाही. मालक सत्तरीचे. शिक्का बघताच म्हणाले, "आमच्या बाबांचा हाय की ओ हा! बसा, बसा." कपाटातून जुनी वही काढली. नंबर जुळला, साल १९४६. माझे काळीज धडधडले. पण काचेची निगेटिव्ह? काकांनी मान हलवली. त्या काळी काच महाग आणि जागा अपुरी. जुन्या काचा सोड्याच्या पाण्यात धुऊन फ्रेमला वापरल्या. कोण जाणे, आमच्या आत्याची काच शहापुरातल्या कुठल्या देवाच्या तसबिरीवर बसली असेल!

मला वाटले होते, असा जुना माणूस नव्या कॅमेऱ्यांच्या नावाने बोटे मोडील. तर उलटेच. टेबलावर आरसा नसलेला नवा डिजिटल कॅमेरा होता. तो माणसाचा डोळा आपणहून शोधून नेम धरतो. काका म्हणाले, "माझे डोळे गेले, कॅमेऱ्याला डोळे आले. देवानं हिशोब बरोबर ठेवलाय." बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीवर ते शिकले, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद वर्षानुवर्षे वापरला, पुढे रंगीत आले, मग डिजिटल. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, आता फोटोग्राफर संपला.

खरे तर आपल्या मुलखाने यंत्राची भीती कधी फारशी बाळगलेली नाही. फोटोची कला जगासमोर आली १८३९ मध्ये, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजी लाडांचे बंधू, म्हणजे मूळचे आपल्या पेडण्याकडचे. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम जेम्स बर्जेसने काढला तो याच भागात, जानेवारी ते मे १८७४, बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत. आणि शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या कारखान्यात बनवला. त्यांची 'सैरंध्री' १९२० ची.

मी विचारले, "मग काका, तो पुतण्याचा फोटो का खटकतो? खाडाखोड तुम्हीही करायचा ना?"

"करायचो की! लई करायचो." बाबा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे, सुरकुत्या कमी करायचे. काळ्यापांढऱ्या फोटोवर रंग चढवायचे. १९९० मध्ये फोटोशॉप आले, तेव्हा काकांना त्यात तीच पेन्सिल आणि तोच ब्रश दिसला. "पण माणूस समोर बसलेला असायचा ओ. त्याचं नाक आमाला ठाऊक. आता ह्ये अॅपवाल्यानं तुमच्या आत्तीला बघितलंय काय? नाही. मी बी बघितलो नाही. मग आमी दोघं कशाला भरायचं?"

२०२३ पासून फोटोशॉपमध्येही शब्दांत मागावे ते भरून देण्याची सोय आली आहे. काकांकडे ती आहे. लग्नाच्या फोटोत मागे आलेली विजेची तार काढायला ते ती खुशाल वापरतात. चेहऱ्याला मात्र लावत नाहीत.

आमच्या फोटोचे त्यांनी वेगळेच केले. दोन बाजूंनी सारखे दिवे लावून नव्या कॅमेऱ्याने त्याची प्रत घेतली, कसलीही काटछाट न झालेल्या मूळ रॉ फाइलमध्ये. मग कॉम्प्युटरवर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग सुटे केले आणि फक्त निळा भाग पडद्यावर ठेवला. पिवळे पडलेले डाग निळ्यात गडद दिसतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा फरक तिथे उमटतो. काका हळूहळू उजेड-काळोख वाढवत गेले. गालाचा भाग कोराच राहिला. पण भुवई आली, आणि तिच्याखाली डोळा आला. पापणी जराशी खाली उतरलेली.

मी काही बोललो नाही. काकांनीही विचारले नाही.

तेव्हा नव्या यंत्रावर माझा राग नाही, आत्याचा डोळा त्यानेच परत दिला. पण फोटोत जे आहे ते वर काढणे निराळे आणि जे नाही ते भरणे निराळे. आणि मोबाइलमधल्या हजारो फोटोंना पाठच नसते. कोण, कुठले, कधी, कोणी काय बदलले, हे लिहायचे कुठे? उद्या पुतण्याचा तो फोटो आत्याचा म्हणून पुढे चालत राहील, आणि 'ही ती नव्हे' म्हणणारे माझे वडील तेव्हा नसतील.

निघताना काकांनी प्रतीच्या पाठीवर आजचा शिक्का मारला आणि पेनाने लिहिले: 'जुन्या प्रतीवरून. गाल भरलेला नाही.' खाली वहीतला १९४६ चा तोच नंबर.

घरी वडिलांनी फोटो हातात घेतला, आणि यावेळी त्यांनी चष्मा मागितला नाही.