तोफेवरचा विल्यम हॉल

1853पासून ब्रिटिश आरमार खलाशांच्या कायम नोकरीची नोंद ठेवू लागले: जन्मगाव, उंची, डोळ्यांचा रंग, जहाजांची नावे. साध्या खलाशाची एवढी ओळख एरवी कोण लिहून ठेवतो!

असाच एक साधा खलाशी, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातल्या हॉर्टनचा विल्यम हॉल, 1852मध्ये या आरमारात भरती झाला. आईवडील अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेले. अशा घराण्यांचा माग काढणे जिकिरीचे; हॉलचे जन्मसालही कुठे 1827, तर कुठे 1829 दिलेले आढळते.

1857च्या उठावात तो लढला त्या लखनौच्या लढाईची तारीख मात्र पक्की आहे: 16 नोव्हेंबर 1857. आपण हा लढा भिंतीच्या आतल्या, उठावकऱ्यांच्या बाजूने ओळखतो; हॉल बाहेर, शाह नजफ या मकबऱ्यासमोर ब्रिटिशांच्या तोफेवर होता. सोबती पडत गेले, तरी तो आणि लेफ्टनंट यंग तोफ डागत राहिले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

1876मध्ये निवृत्तीनंतर तो गावी शेतीत रमला. 1904मध्ये वारला, तेव्हा थडग्यावर नावही नव्हते. 1945मध्ये त्याचे अवशेष हँट्सपोर्टच्या बाप्टिस्ट चर्चच्या आवारात पुन्हा पुरण्यात आले.